तीन पायांचा राक्षस आणि शिशाचे शिपाई

एच. जी. वेल्स हे नाव घेतले की बहुतेकांना आठवतो तो काळयंत्रात बसून लाखो वर्षे पुढे गेलेला प्रवासी, नाहीतर तोंडावरच्या पट्ट्या सोडताच दिसेनासा होणारा तो विक्षिप्त माणूस. ज्यांचे वाचन थोडे पुढे गेले आहे, त्यांना मंगळावरून पृथ्वीवर उतरलेले आक्रमकही ठाऊक असतात. मला मात्र वेल्स म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो सेहेचाळीस वर्षांचा, बुटका, मिशाळ, जगप्रसिद्ध लेखक. मुलांच्या खोलीत गुडघे टेकून बसलेला, हातात दोरीचा तुकडा, आणि समोर मांडलेल्या शिशाच्या शिपायांमधले अंतर मोजण्यात असा गढून गेलेला की जेवायला हाक मारली तर ऐकू जाऊ नये.

त्याच्याशी माझे नाते वाचकाचे तर आहेच, पण त्याहून जवळचे नाते छंदाचे आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बोटभर उंचीचे यंत्रमानव जोडतो आणि रंगवतो. विज्ञानकथांमधली ही चिमुकली यंत्रे टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी केलेली असतात. दोन्हीकडे फौजा, मध्ये पुठ्ठ्याच्या पडक्या इमारती, टेप लावून चाल मोजायची आणि फासे टाकून नेम लागला की हुकला ते ठरवायचे, असा हा खेळ. रणांगणावर चालत येणारे अजस्र यंत्र ही कल्पना, आणि बाहुल्या मांडून नियमाने लढायची ही तऱ्हा, या दोन्हींचा माग काढत गेले की आपण एकाच माणसाच्या दारात जाऊन पोचतो. तो माणूस म्हणजे वेल्स. आणि गंमत अशी, की हा खेळ त्याने लिहून काढला तो युद्धाची हौस फिटावी म्हणून नव्हे, तर खरे युद्ध किती मूर्खपणाचे आहे हे लोकांना कळावे म्हणून.

त्याचे हे म्हणणे खरे ठरले का? आमच्या घरात हा प्रश्न अगदी जिवंत आहे. माझी आठ वर्षांची नात माझ्या शेजारी बसून रंगवते. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, एकदा मला सरळच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही रंगवा हवे तेवढे. पण तिच्या हातात ही मारामारीची खेळणी कशाला देता?’ या प्रश्नाला मी घाईने उत्तर दिले नाही. वेल्सचे आयुष्य मात्र पुन्हा एकदा उघडून बसलो.

भांड्यांच्या दुकानातला मुलगा

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६चा. गाव लंडनजवळचे ब्रॉम्ले. वडील जोसेफ यांचे तिथे चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान होते. दुकानाला नाव मोठे ऐटबाज, ‘ॲटलस हाउस’. गल्ला मात्र बहुतेक वेळा रिकामा. थोडाफार पैसा येई तो क्रिकेटमधून. जोसेफ हे धंदेवाईक गोलंदाज. केंटकडून खेळताना १८६२ साली त्यांनी ससेक्सचे चार गडी लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केले होते. दुकानात कपबशांच्या शेजारीच बॅट आणि चेंडूही विकायला ठेवलेले असत. आई सारा लग्नाआधी बड्या घरच्या बायकांच्या तैनातीत नोकरीला होती. घरात धाकट्या बर्टीचे लाड होण्याइतकी सुबत्ता कधीच नव्हती.

१८७४ साली, सात वर्षांचा असताना, खेळता खेळता बर्टीचा पाय मोडला. कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहावे लागले. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देत आणि हा ती फस्त करी. आपल्या आयुष्याला वळण लागले ते या मोडलेल्या पायामुळे, असे तो पुढे नेहमी मानत आला.

पुस्तकांबरोबर आणखी एक गोष्ट त्या मुलाच्या डोक्यात शिरली. लढाया. हा किरकोळ अंगाचा, पोटभर न जेवलेला मुलगा ब्रॉम्लेच्या रस्त्यांतून एकटा फिरे तेव्हा मनातल्या मनात सेनापती झालेला असे. गावाबाहेरच्या मार्टिन्स हिल नावाच्या टेकडीवर तो अदृश्य पलटणी उतरवी, तोफा चढवी आणि शत्रूचा धुव्वा उडवून शहरात विजयी मिरवणुकीने परत येई. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसे तो फक्त हात हलवत चाललेला दुकानदाराचा पोर.

१८७७ साली वडिलांचाही पाय मोडला आणि क्रिकेट संपले. घराचा उरलासुरला आधार गेला. १८८० साली आईने अपपार्क नावाच्या मोठ्या हवेलीत कारभारणीची नोकरी धरली आणि मुलांची रवानगी उमेदवारीवर झाली. बर्टीच्या वाट्याला आले कापडदुकान. साउथसी इथल्या दुकानात तो १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे राबला. दिवसाचे तेरा तास काम, रात्री इतर उमेदवार पोरांबरोबर एकाच दालनात झोपणे. कापडाचे गठ्ठे उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे आणि वरच्याची बोलणी खायची. शेवटी त्याने आईला निर्वाणीचे सांगितले आणि उमेदवारी सोडली. मिडहर्स्टच्या शाळेत त्याला शिकता शिकता शिकवण्याचे काम मिळाले, आणि १८८४ साली तो शिष्यवृत्तीवर लंडनच्या विज्ञान प्रशालेत दाखल झाला. तिथे जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हक्सले, डार्विनचा सर्वात झुंजार पाठीराखा. माणूस हा निसर्गाचा लाडका शेवटचा शब्द नाही, त्याचीही जागा दुसरा कोणी घेऊ शकतो, हे वेल्स तिथे शिकला. मंगळावरच्या राक्षसाचे बी त्या वर्गात पडले म्हणायला हरकत नाही.

वोकिंगचा सायकलस्वार

१८९५ साली ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाले आणि वेल्सचे नाव झाले. त्याच वर्षी तो वोकिंग या गावी राहायला गेला. सोबत ॲमी कॅथरीन, जिला तो जेन म्हणे. पहिले लग्न मोडले होते; हे दुसरे त्याच वर्षी झाले. वेल्स नुकताच सायकल शिकला होता. लिहून झाले की सायकल काढायची आणि आसपासची गावे पालथी घालायची. फिरताना तो जागा हेरून ठेवी. मंगळाचे यान उतरेल ते इथे, या वाळूच्या खाणीत. हे घर पहिल्यांदा जळेल. या रस्त्याने लोक पळत सुटतील. शेजारपाजारच्यांना कल्पनाही नव्हती की, हा सभ्य गृहस्थ आपल्या घराची राखरांगोळी करायचा बेत मनात आखून नमस्कार-चमत्कार करत पुढे जातो आहे.

‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९७ साली ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून क्रमशः आली आणि १८९८ साली पुस्तकरूपाने. तिची मूळ कल्पना थोरल्या भावाची, फ्रँकची. दोघे भाऊ फिरायला गेले असताना टास्मानियाचा विषय निघाला. युरोपातल्या वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांची जी वाताहत केली, तशीच कोणी आकाशातून येऊन आपली केली तर, असे फ्रँक बोलून गेला. वेल्सने पुस्तक त्यालाच अर्पण केले. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्या काळात एका इंग्रजाने इंग्रजांनाच निर्वासित होऊन रस्त्याने पळायला लावले. आपण भारतीय वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

मंगळवासीय हे नुसते मेंदूचे मांसल गोळे. पृथ्वीवर त्यांना धड हलताही येत नाही. म्हणून ते यंत्रात बसतात. घरांहून उंच, तीन पायांचे, चकचकीत धातूचे, पाइनची झाडे ओलांडत झपाझप चालणारे यंत्र. त्याच्या हातात उष्ण किरण सोडणारी पेटी आणि वर टोपासारखे डोके, ज्यात चालवणारा बसलेला. आज आम्ही छंदी मंडळी ज्याला ‘मेक’ म्हणतो, म्हणजे आत माणूस बसून चालवायचा पोलादी योद्धा, त्याचा हा आजोबा. ‘रोबो’ हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. तो १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून आला.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. मासिकात ही कथा येत असताना तिच्यासोबत वॉरिक गोबल यांची चित्रे छापली जात होती. पुढे पुस्तकात वेल्सने एक मजकूर घातला: निवेदक म्हणतो की, एका चित्रकाराने ही यंत्रे ताठ पायांच्या खुंट्यांसारखी काढली आहेत, प्रत्यक्षात ती एवढी लवचिक होती की जिवंत प्राणीच वाटावीत. मंगळाचे यंत्र न पाहिलेला माणूस मंगळाचे यंत्र चुकले म्हणून तक्रार करतो! पण ज्याने अशी यंत्रे हाताने जोडली आहेत, त्याला ही तक्रार शंभर टक्के पटेल.

गेल्या पावसाळ्यात मी परदेशातून मागवलेला अशा त्रिपाद यंत्राचा संच जोडत होतो. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि सुटे भाग त्यांना देठांनी चिकटलेले असतात. ते कापणीने सोडवायचे, साच्याची बारीक रेघ पात्याने खरवडायची, काचकागद फिरवायचा. यंत्रमानव दोन पायांचा असो की तीन, खरी परीक्षा पायांत. तिन्ही पाय सारखे पसरले की यंत्र तिवईसारखे दिसते. एक पाय उचललेला, एकावर भार, तिसरा मागे रेटलेला आणि डोके किंचित पुढे झुकलेले असे जमले, तरच ते चालू लागते. म्हणून मी आधी मऊ चिकणमातीच्या गोळ्यांनी भाग नुसते टेकवून बघतो, चारी बाजूंनी न्याहाळतो आणि मगच चिकटवतो. प्लॅस्टिकचे हे चिकटद्रव्य कडा विरघळवून दोन भागांचा एक भाग करून टाकते. एकदा बसला तो बसला. खिडकी मात्र उघडी हवी, कारण वास उग्र.

रंगाचेही असेच. आधी अस्तराचा फवारा. तो आपल्याकडे जुलै महिन्यात मारू नये. हवेत दमटपणा असला की पृष्ठभाग पिठूळ होतो. मग मूळ रंग, पाणी घालून पातळ केलेला, एका जाड थराऐवजी दोन पातळ थर. त्यावर काळपट पाण्यासारखा रंग सोडायचा, तो आपसूक खाचाखोचांत उतरतो आणि सांधे उठून दिसतात. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की कडा उजळतात. स्पंजच्या तुकड्याने ठिपके दिले की पोपडे निघाल्यासारखे दिसते. बोटभर खेळण्यात एवढ्याने टनभर वजन येते.

नात हे सगळे बघत होती. तिने विचारले, ‘आजोबा, हा वाईट आहे ना? मग त्याला एवढा छान का रंगवायचा?’

वेल्सलाही हाच प्रश्न पडला असणार. त्याची सगळी कादंबरी त्या यंत्राच्या भीतीने भरलेली आहे, आणि तरीही यंत्राचे वर्णन करताना त्याची लेखणी खुलते.

सँडगेटच्या घरातली जमीन

१९०१ साली वेल्सने समुद्रकाठच्या सँडगेट गावी स्वतःचे घर बांधले. त्याच वर्षी थोरला मुलगा जॉर्ज फिलिप, म्हणजे गिप, जन्मला. १९०३ साली धाकटा फ्रँक. बापाच्या वाट्याला जे बालपण आले नव्हते ते मुलांच्या वाट्याला आले. खेळणी, लाकडी ठोकळे, फळ्या, किल्लीच्या आगगाड्या आणि शिशाचे शिपाई. बाप नुसता आणून देऊन थांबला नाही. तोही खाली बसला.

हे शिपाई स्वस्त झाले ते विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यामुळे. १८९३ साली त्यांनी पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे आणि कडेचा थर गोठताच आतले उरलेले परत ओतून घ्यायचे. बाहुली पोकळ, हलकी आणि कमी धातूत तयार. त्याआधी जर्मनीहून येणारे भरीव शिपाई महाग पडत. शिसे मुलांच्या अंगाला बाधते, म्हणून अशी खेळणी पुढे १९६६च्या सुमारास बंद झाली. आज आमच्या छंदात बहुतेक प्लॅस्टिक आणि राळ वापरतात.

मुलांबरोबर खेळता खेळता वेल्सने १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात युद्ध नावालाच आहे. जमीन म्हणजे समुद्र, फळ्या म्हणजे बेटे, त्यांवर जहाजे, देवळे, जंगले. नाहीतर ठोकळ्यांची दोन शहरे, त्यांचे महापौर आणि त्यांच्यामधली आगगाडी. या पुस्तकात दुकानदारांविरुद्ध त्याची एक तक्रार आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. खेळण्यांच्या दुकानात शिपाई मिळतात, पण साधी माणसे मिळत नाहीत. खाटीक हवा, पाववाला हवा, टपालवाला हवा. शहर वसवायचे तर ही माणसे कुठून आणायची?

शिपायांच्या लढाईची सुरुवात झाली ती एका दुपारी जेवणानंतर. कमानीवर चालणारी एक खेळण्यातली तोफ जमिनीवर पडली होती. इंचभर लाकडी गोळी ती बऱ्यापैकी नेमाने फेकी. जेवायला आलेल्या एका मित्राने सहज एका शिपायावर नेम धरला आणि दुसऱ्यालाही तसे करायचे आव्हान दिले. वेल्सने पुस्तकात त्याची फक्त आद्याक्षरे दिली आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असे जाणकार मानतात. दोन मोठे लेखक गुडघ्यांवर बसून शिपाई पाडू लागले आणि खेळ सुरू झाला. पहिली रणभूमी घरातल्या वस्तूंचीच. टेकड्यांच्या जागी विश्वकोशाचे जाडजूड खंड. मग नियम आले. पायदळ एका चालीत फूटभर जाईल, घोडदळ दोन फूट. तोफ डागायला तिच्याजवळ किमान चार शिपाई हवेत. चालीला घड्याळ लावायचे, अंतर दोरीने मोजायचे. समोरासमोर भिडल्यावर सारख्यास सारखे पडायचे. एकट्या पडलेल्या थोड्यांना मोठ्या टोळीने कैद करायचे. फासे नव्हते, नेम खराखुरा. १९१३ साली हे सारे ‘लिट्ल वॉर्स’ या नावाने पुस्तकात आले. खेळाडूचे वय त्याने बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंत सांगितले आहे.

असा खेळ वेल्सनेच पहिल्यांदा खेळला असे नाही. प्रशियाच्या लष्करात नकाशांवर लढाईचा खेळ त्याआधीच रूढ होता, आणि ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर शिपाई मांडून खेळत असे. पण सामान्य घरातल्या कोणालाही खेळता येईल असा नियमांचा खेळ छापून सर्वांच्या हाती दिला तो वेल्सने. म्हणून आमचा छंद त्याला मूळपुरुष मानतो.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर अळीव पेरतात, पायऱ्यांवर मावळे आणि वर सिंहासनावर महाराज बसतात. त्यात आपण बाजू आधीच निवडलेली असते आणि किल्ला पडत नाही. वेल्सच्या जमिनीवर दोन्ही फौजा सारख्या असतात, दोघांनाही हरता येते. हा फरक छोटा नाही. समोरच्याच्या शिपायाला आपल्या शिपायाइतकाच नियम लागू, हे मान्य केल्याशिवाय तिथे पहिली चालही होत नाही.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. तीन-चार वेळा ही छोटी लढाई खेळून बघा, म्हणजे खरे महायुद्ध किती घोटाळ्याचे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल ते कळेल, असा त्याचा सांगावा आहे. युद्धखोर राजे आणि भडकावणारे पुढारी यांना एका मोठ्या दालनात कोंडावे, त्यांना हवे तेवढे शिपाई आणि पाडायला घरे द्यावीत आणि उरलेल्या जगाने सुखाने आपल्या कामाला लागावे, अशी त्याची सूचना.

पुढचा उन्हाळा

पुस्तक आले १९१३ साली. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरला. त्याच दिवशी लेखिका रिबेका वेस्ट हिच्यापासून वेल्सला आणखी एक मुलगा झाला. घरी जेन होती आणि तिला सारे माहीत होते. वेल्सच्या आयुष्याची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जगाला शहाणे करू पाहणारा हा माणूस घरात शहाण्यासारखा वागला असे म्हणता येत नाही.

आणि राजकारणात? छोट्या लढाईचा हा पुरस्कर्ता मोठ्या लढाईच्या बाजूने उभा राहिला. हे युद्ध युद्धांचा शेवट करील, अशा आशयाची लेखमाला त्याने ऑगस्ट १९१४पासून लिहिली आणि तिच्या पुस्तकाचे नाव पुढे लोकांच्या तोंडी बसले. आधी आशेने, नंतर कडवट उपहासाने. १९०३ साली त्याने ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत चिलखती यंत्रे खंदक ओलांडताना दाखवली होती. सप्टेंबर १९१६मध्ये सोमच्या रणभूमीवर पहिले रणगाडे खरोखर उतरले. १९१३ साली पंधरा वर्षांचा असलेला जो मुलगा ‘लिट्ल वॉर्स’ वाचून जमिनीवर शिपाई मांडत होता, तो १९१६ साली अठराचा झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली होती.

वेल्सची स्वतःची मुले लहान होती म्हणून वाचली. पण १९१६च्या ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ या कादंबरीत त्याने एका बापाचा मुलगा युद्धात मारला. तो बाप शेवटी रात्रभर जागून पत्र लिहायला बसतो; शत्रूकडच्या, तसाच मुलगा गमावलेल्या जर्मन आईबापांना. ही कादंबरी तेव्हा हजारो घरांनी रडत वाचली. जमिनीवरच्या खेळात दोन्ही फौजा सारख्या असतात हे ज्याने लिहिले, त्यालाच ते पत्र सुचले असे मला वाटते.

१९३४ साली वेल्सने आत्मचरित्र लिहिले तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला होता. त्या पुस्तकात वेल्स मार्टिन्स हिलवरच्या आपल्या अदृश्य पलटणींकडे पुन्हा वळला आणि त्याने स्वतःची हजेरी घेतली. आपल्या तेराव्या वर्षीच्या दिवास्वप्नाला हाडामांस फुटले तर त्याचा हिटलर होतो, असा त्याचा निष्कर्ष. शिपायांचा खेळही त्याच बालिश अवस्थेचा भाग होता आणि आपण त्यातून बाहेर आलो ते १९१६ ते १९२० या काळात कधीतरी, असे त्याने नोंदवले आहे. १९१३ साली ज्याला तो औषध म्हणत होता, त्याला एकवीस वर्षांनी त्याने रोगाचे लक्षण म्हटले.

दोन उत्तरे

म्हणजे माझ्या मुलीच्या प्रश्नाला वेल्सने दोन उत्तरे दिली आहेत, आणि दोन्ही मनापासून. मी दोन्ही तिला सांगितली. पहिले संपूर्ण खरे नाही, हे १९१४नेच दाखवले. खेळाने युद्ध थांबत नाही. पण दुसरेही मला अर्धेच पटते. मार्टिन्स हिलवरचा मुलगा एकटा होता. त्याच्या फौजेला वजन नव्हते, त्याच्या शत्रूला चेहरा नव्हता आणि तो कधीच हरत नव्हता. हिटलर तयार होतो तो अशा स्वप्नातून. सँडगेटच्या जमिनीवर समोर कोणीतरी बसलेले होते, हातात दोरी होती, नियम दोघांना एक होता. आणि जी बाहुली आपण स्वतः कापून, खरवडून, चिकटवून तीन रविवार रंगवली, ती टेबलावरून खाली पडली तर पोटात कालवते. माझी नात आपला यंत्रमानव हरला की त्याला आधी कापसात ठेवते.

मुलीने ऐकून घेतले. ‘मग निदान साधी माणसेही करा की,’ एवढेच म्हणाली. तिने वेल्सचे ‘फ्लोअर गेम्स’ वाचलेले नाही. पण बोलली ती अगदी त्याचेच. तेव्हापासून आमच्या रणभूमीवर उरलेल्या तुकड्यांतून केलेला एक दूधवाला फिरतो, एक पाववाला आहे आणि आगगाडीची वाट बघणाऱ्या दोन बायका. वेल्सच्या कादंबरीतही मंगळवासीय उतरल्यानंतरच्या सकाळी दूधवाला नेहमीप्रमाणे रतीब घालायला येतोच. नातीने नियम केला आहे की, या माणसांच्या जवळून जाताना यंत्राने थांबायचे.

वेल्सचे पुढचे आयुष्य समजूत घालण्यात गेले. शाळेत राष्ट्राभिमानाचा इतिहास शिकवू नका, माणसांचा शिकवा, म्हणून त्याने जगाचा इतिहास लिहिला. तो १९२०मध्ये पुस्तकरूपाने आला आणि घरोघर गेला. गिप प्राणिशास्त्रज्ञ झाला. त्याच्या आणि ज्युलियन हक्सले यांच्या सोबतीने बापाने जीवशास्त्रावरचा मोठा ग्रंथ केला. ज्युलियन हा थॉमस हक्सले यांचा नातू. १९२७ साली जेन गेली. स्वतःला मधुमेह, म्हणून १९३४ साली वेल्सने मधुमेही रुग्णांच्या संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९४० साली त्याने मानवी हक्कांवर पुस्तक लिहिले. लंडनवर बाँब पडत असताना तो रीजंट्स पार्कजवळच्या आपल्या घरातून हलला नाही.

‘अणुबाँब’ हा शब्द त्याने १९१४ सालच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत वापरला होता. १९३२ साली लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती वाचली आणि पुढच्याच वर्षी अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याच्या डोक्यात आली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा झाले. ते कळायला वेल्स जिवंत होता. त्यानंतर एक वर्ष आणि एक आठवडा तो जगला. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनला राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याची राख समुद्रावर विखुरली गेली.

त्याची पलटण मात्र विखुरली नाही. १९७४ साली अमेरिकेत फाशांचा आणि कल्पनेचा एक नवा खेळ जन्मला, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी २००४ साली ‘लिट्ल वॉर्स’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहून ऋण मान्य केले. चालत्या पोलादी योद्ध्यांचा ‘बॅटलटेक’ १९८४ साली आला, ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ साली. आणि १९९८ साली, कादंबरीला शंभर वर्षे झाली तेव्हा, वोकिंग गावाने भर वस्तीत सुमारे सात मीटर उंचीचे धातूचे त्रिपाद यंत्र उभारले. मायकेल कॉन्ड्रन या शिल्पकाराचे हे काम. वेल्सने ज्या गावाची पुस्तकात राख केली, त्याच गावाने त्याच्या राक्षसाला चौकात जागा दिली. त्याच्या पायाखालून आज लोक बाजारहाट करून घरी जातात.